ट्रिपल-ई वर्गाची जहाजं आणि न्हावा शेव्याचं पाणी

प्लॅनर_नेरुळ

अटल सेतूच्या धाग्यावर एकाने विचारलं होतं की पुलावरून बंदराच्या क्रेन दिसतात, पण जगातली सगळ्यात मोठी म्हणून ज्यांचे फोटो फिरतात ती कंटेनर जहाजं आपल्याकडे का येत नाहीत. दोन ओळींत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी न्हावा शेव्याच्या एका टर्मिनलमध्ये बरीच वर्षं शिप प्लॅनर होतो. कुठला बॉक्स, म्हणजे कंटेनर, जहाजात कुठे बसणार, कुठली क्रेन कुठल्या क्रमाने उतरवणार, हे ठरवायचं काम. त्यामुळे जहाज मी धक्क्यावरून कमी आणि स्क्रीनवरच्या बे-प्लॅनवर, म्हणजे बॉक्सच्या जागांच्या नकाशावर, जास्त पाहिलंय.

ट्रिपल-ई हा मर्स्क कंपनीचा वर्ग. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी दक्षिण कोरियातल्या देवू गोदीला अशा १० जहाजांची ऑर्डर दिली आणि काही महिन्यांत आणखी १० वाढवली. एका जहाजाची किंमत सुमारे १९ कोटी डॉलर. पहिलं जहाज, मर्स्क मॅककिनी मोलर, जुलै २०१३ मध्ये ताब्यात आलं आणि २०१५ पर्यंत वीसच्या वीस कामाला लागली. लांबी ३९९ मीटर, रुंदी ५९ मीटर, क्षमता १८ हजार टीईयूच्या वर. वीस फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन. १८ हजार वीस फुटी बॉक्स एकामागे एक लावले तर रांग ११० किलोमीटर होते. कळंबोलीपासून लावत सुटलात तर अख्खा पुणे एक्सप्रेसवे संपतो आणि बॉक्स उरतात.

आता खरी गंमत पाहा. याच कंपनीचं आधीचं मोठं जहाज एमा मर्स्क, २००६ सालचं, ३९७ मीटर लांब आणि ५६ मीटर रुंद. म्हणजे ट्रिपल-ई लांबीला दोन मीटर आणि रुंदीला तीन मीटरच जास्त. तरी तिच्यात अडीच हजारांहून जास्त टीईयू वाढले. कसे? एमा वेगासाठी बांधलेली, तिचं बूड पुढे-मागे निमुळतं होत जातं. ट्रिपल-ईचं पोट खालपर्यंत भरलेलं, त्यामुळे होल्डमध्ये, म्हणजे डेकखालच्या कोठारात, कोपऱ्यापर्यंत बॉक्स बसतात. रुंदीत एमाच्या २२ ओळी, हिच्या २३. आणि तिसरी गोष्ट, जिचं प्लॅनर म्हणून मला सगळ्यात कौतुक, ती म्हणजे ब्रिज (जिथून जहाज चालवतात ती जागा) पुढे आणला आणि चिमणी मागेच ठेवली. नियम असा आहे की ब्रिजवरून पाहताना नाकासमोरचं पाणी जास्तीत जास्त ५०० मीटरच झाकलं जावं. ब्रिज मागे असला की पुढचे थर बसके ठेवावे लागतात, नाहीतर समोरचं दिसत नाही. ब्रिज पुढे घेतला की मागच्या बाजूला हवे तेवढे थर चढवता येतात.

बे-प्लॅनवर हे सगळं कसं दिसतं तेही सांगतो. प्रत्येक बॉक्सला सहा आकडी पत्ता असतो. समजा ३८०६८२. पहिले दोन आकडे बे, म्हणजे जहाजाच्या लांबीतला कितवा कप्पा. सम आकडा असेल तर जागा चाळीस फुटी, विषम असेल तर वीस फुटी. मधले दोन रो, म्हणजे रुंदीतली ओळ, मध्यापासून मोजायचे, डावीकडे सम आणि उजवीकडे विषम. म्हणजे ०६ ही डावीकडची तिसरी ओळ. शेवटचे दोन टियर, म्हणजे उंचीतला थर. होल्डमध्ये ०२ पासून सुरू होतात, डेकवर ८२ पासून. तर हा बॉक्स अडतिसाव्या बेमध्ये, डावीकडे तिसरा, हॅच कव्हरवर, म्हणजे होल्डच्या झाकणावर, पहिला. त्याच्या डोक्यावर आणखी आठ-नऊ बॉक्स असू शकतात, आणि त्याला पुढच्या बंदरात उतरवायचं असेल तर वरचे सगळे आधी हलवावे लागतात. प्लॅनरचं सगळं कसब ते हलवणं वाचवण्यात आहे.

वीस जहाजं बांधताना कंपनीने तीन उद्दिष्टं सांगितली होती, इंग्रजीत तिन्ही 'ई'ने सुरू होणारी, नाव त्यावरूनच: मोठ्या प्रमाणावर वाहतुकीची बचत, इंधनाची बचत, पर्यावरणाला कमी त्रास. एमाच्या तुलनेत प्रत्येक कंटेनरमागे कार्बन डायऑक्साइड २० टक्के कमी, असा त्यांचा दावा. तो मला पटतो. पण माझं म्हणणं वेगळं आहे, आणि त्यासाठीच हा धागा. जहाज मोठं केल्याचा फायदा समुद्रात होतो आणि तो जहाजमालकाला मिळतो. त्या जहाजाला सामावून घ्यायचा खर्च मात्र किनाऱ्यावर पडतो. खोल चॅनल (जहाजांचा पाण्यातला रस्ता), उंच आणि लांब हाताच्या क्रेन, मोठं यार्ड, जास्त ट्रेलर, रुंद रस्ते. तो खर्च बंदर उचलतं, म्हणजे शेवटी सरकार आणि बंदराभोवतीची माणसं. न्हावा शेव्याचा विचार करताना ही बाजू कुणी बोलत नाही.

घोडबंदर_रोड

सुंदर माहिती. पण मूळ प्रश्न राहिलाच की. आपल्याकडे का नाही येत?

प्लॅनर_नेरुळ

पाणी. पूर्ण भरलेल्या ट्रिपल-ईचं बूड १६ मीटर पाण्यात असतं. त्याखाली थोडं मोकळं पाणी हवंच, कारण जहाज चालताना आणखी खाली दबतं. आपलं बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं ते खाडीच्या तोंडाशी, गाळाच्या तळावर. चॅनल खोदून खोदून खोल केलेला आहे. दोन मोठ्या टप्प्यांत खोदकाम झालं आणि आता भरतीचा फायदा घेत १५ मीटर ड्राफ्टपर्यंतची, म्हणजे बूड तेवढं पाण्यात असलेली, जहाजं येतात.

भरतीचा फायदा म्हणजे काय, ते उरण-करंजाच्या माणसाला सांगावं लागत नाही. उधाणाला आपल्याकडे भरती आणि ओहोटीत पाचेक मीटरचा फरक पडतो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो फारच कमी. खोल जहाज भरतीची वेळ धरून आत येतं, धक्क्यापाशी खोदलेल्या खड्ड्यात उभं राहतं आणि पुढची भरती धरून बाहेर पडतं. वेळ चुकली की पुढच्या पाण्याची वाट. आणि हे एकदाच खोदून संपत नाही. खाडी गाळ आणतच राहते, ड्रेजर दरवर्षी लागतोच.

दुसरं कारण मार्गाचं. ट्रिपल-ई बांधल्या चीन-कोरिया ते उत्तर युरोप या फेरीसाठी. शांघाय, निंगबो, यांतियान, मग मलेशिया, सुएझ, रॉटरडॅम, ब्रेमरहाफेन. ही जहाजं श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळून निघून जातात. त्यांना मुंबईपर्यंत वर यायचं म्हणजे वळसा घ्यायचा. तेवढा माल एका फेरीत एका बंदरात मिळणार असेल तरच ते परवडतं.

तांडेल_उरण

भरतीचं बरोबर लिहिलंत. आमच्या होड्या जे पाणी बघून निघतात तेच पाणी बघून चारशे मीटरचं जहाज निघतं, हे लोकांना खरं वाटत नाही.

मिसळ_पाव_ठाणे

वाचतोय. सुएझमध्ये अडकलेलं एव्हर गिव्हन याच वर्गातलं का?

प्लॅनर_नेरुळ

नाही. एव्हर गिव्हन जपानच्या इमाबारी गोदीत बांधलेलं, २०१८ चं, २० हजार १२४ टीईयू. आकाराने मात्र ट्रिपल-ईची बहीणच: जवळपास ४०० मीटर लांब, ५८.८ मीटर रुंद. २३ मार्च २०२१ ला अडकलं, २९ मार्चला सुटलं. तिथेही शेवटी पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी मदतीला आलं. सगळे २५ खलाशी भारतीय होते. जहाज सुटलं तरी भरपाईच्या वादात जुलैपर्यंत त्याला कालव्यातल्या तलावात थांबवून ठेवलं होतं. तेवढे महिने त्या माणसांच्या घरच्यांनी कसे काढले असतील, याचा विचार मला त्या बातम्या वाचताना सारखा येत होता.

इंजिनरूम

मी चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो, आता बेलापूरला असतो. ट्रिपल-ईवर मी नव्हतो. आठ-दहा हजारी जहाजांवर आयुष्य गेलं. पण हिच्या इंजिनाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण या वर्गात खरी उडी इंजिनात आहे.

एमाला एकच इंजिन, चौदा सिलिंडरचं, ८० मेगावॅटचं. तेव्हा तेवढं मोठं डिझेल इंजिन जगात दुसरं नव्हतं. एकच प्रोपेलर. ती २५ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) हिशेबाने बांधलेली. मग २००८ ची मंदी आली, इंधनाचे भाव बघितले आणि सगळ्याच कंपन्यांनी जहाजं हळू चालवायला सुरुवात केली. हळू चालवण्यात किती वाचतं? जहाजाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. २५ नॉटवरून २० वर आलात तर वेग एक पंचमांश कमी होतो, पण ताकद निम्मी पुरते. प्रवासाला जास्त दिवस लागतात हे धरलं तरी त्या फेरीचं इंधन एक तृतीयांशाहून जास्त वाचतं.

पण मोठ्या वेगासाठी बांधलेलं इंजिन हळू चालवणं म्हणजे त्याच्या तब्येतीशी खेळ. कमी लोडवर ज्वलन नीट होत नाही, काजळी धरते, टर्बोचार्जरला पुरेशी हवा मिळत नाही म्हणून ऑक्झिलिअरी ब्लोअर (हवा ढकलणारे जादा पंखे) चालू ठेवावे लागतात, सिलिंडर लायनरला तेल किती सोडायचं याचं गणित बदलतं. आम्ही रोज ठरलेल्या वेळी थोडा वेळ लोड वाढवून काजळी उडवून लावायचो. स्कॅव्हेंज स्पेसमध्ये (सिलिंडरखालच्या हवेच्या कप्प्यात) उतरून पिस्टन रिंगा तपासताना हात कोपरापर्यंत काळे व्हायचे, आणि रिंग अडकलेली सापडली की पुढच्या बंदरात कुणालाच झोप नाही.

ट्रिपल-ई पहिल्यापासून हळू चालण्यासाठीच बांधली. कमाल वेग २३ नॉट. दोन इंजिनं, प्रत्येकी आठ सिलिंडरचं, प्रत्येकी सुमारे ३० मेगावॅट, लांब स्ट्रोकचं, म्हणजे पिस्टनची धाव लांब. स्ट्रोक लांब म्हणजे फेरे कमी, आणि फेरे कमी म्हणजे मोठा प्रोपेलर सावकाश फिरवता येतो. दोन प्रोपेलर, प्रत्येकी चार पात्यांचे, पावणेदहा मीटरच्या आसपास व्यासाचे. शिवाय एक्झॉस्टची उष्णता वाया न घालवता तिच्यावर वीज करतात. ही रचना मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, कुणीतरी आम्हा इंजिनवाल्यांचं ऐकलं.

म्हणून प्लॅनरसाहेबांच्या मुद्द्याला माझी एक जोड. २०१५ मध्ये ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या वाहतूक मंचाने महाकाय जहाजांवर एक अहवाल काढला होता. त्यातला निष्कर्ष असा की १५ हजारी जहाजावरून १९ हजारीवर जाताना जी बचत होते तिच्यातला निम्म्याहून जास्त वाटा नव्या, कमी इंधन पिणाऱ्या इंजिनांचा आहे, आकाराचा नाही. म्हणजे तेच इंजिन लहान जहाजात घातलं तरी बरंचसं पदरात पडलं असतं.

प्लॅनर_नेरुळ

चीफसाहेब, धन्यवाद. हा शेवटचा परिच्छेद माझ्या मूळ लेखात असायला हवा इतका महत्त्वाचा आहे.

वाशीकर_सीएचए

मी कस्टम्स क्लिअरन्सचं काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. मोठी जहाजं थेट आपल्याकडे आली पाहिजेत. भारताच्या ट्रान्सशिपमेंट, म्हणजे वाटेत जहाज बदलणाऱ्या, मालापैकी सुमारे ७५ टक्के माल परदेशी बंदरांत हाताळला जातो. कोलंबो, सिंगापूर, पोर्ट क्लँग. आपला बॉक्स लहान जहाजाने तिकडे जातो, उतरतो, यार्डात पडून राहतो, मोठ्या जहाजावर चढतो. प्रत्येक चढ-उताराचे पैसे आमच्या पार्टीच्या, म्हणजे ग्राहकाच्या, खिशातून. आणि कनेक्शन चुकलं की आठवडा गेला.

नाशिकच्या द्राक्षांचं घ्या. जानेवारी ते एप्रिल हंगाम. रीफर कंटेनर म्हणजे चालता फ्रीज, त्याला जहाजावर प्लग लागतो, यार्डात प्लग लागतो. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरपासून युरोपची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. दहा-बारा दिवस वाढले. त्या हंगामात बागायतदारांचे फोन यायचे, 'साहेब, माल पोचला का?' उत्तर काय देणार? अशा वेळी प्रत्येक वाचलेला दिवस मोलाचा असतो. थेट जहाज असेल तर तो वाचतो. तेव्हा किनाऱ्यावर खर्च पडतो हे मान्य, पण तो न करण्याचाही खर्च आहे, आणि तो शेतकरी भरतोय.

प्लॅनर_नेरुळ

तुमची ७५ टक्क्यांची गोष्ट खरी. पण न्हावा शेव्याच्या बाबतीत एक फरक करा. आपल्याकडून युरोपला आणि आखातात जाणारा बराच माल आजही थेट सेवांनी जातो, कारण इथला स्वतःचा माल भरपूर आहे. वर्षाला ७० लाख टीईयूंच्या वर गेलोय आपण. दहा-बारा हजारी जहाज आठवड्याला ठरल्या दिवशी येणं हे द्राक्षांसाठी चोवीस हजारी जहाज पंधरा दिवसांनी येण्यापेक्षा चांगलं. जहाज जितकं मोठं तितक्या फेऱ्या कमी, कारण ते भरायला माल लागतो. मर्स्क आणि एमएससीसारख्या प्रतिस्पर्ध्यांना २०१५ ते २०२५ एकमेकांच्या जहाजांवर जागा वाटून घ्यावी लागली, ते याच कारणाने.

ट्रान्सशिपमेंटसाठी खरी जागा केरळमधलं विळिंजम. आंतरराष्ट्रीय मार्गापासून दहा सागरी मैलांवर, किनाऱ्याशीच १८-२० मीटर खोली. तिथे जून २०२५ मध्ये एमएससी इरिना लागली, २४ हजार ३४६ टीईयू. ट्रिपल-ईपेक्षा सहा हजारांनी जास्त, पण लांबी तीच ४०० मीटर. वाढ सगळी रुंदीत आणि उंचीत, २३ च्या जागी २४ ओळी.

वाशीकर_सीएचए

आठवड्याच्या फेरीचा मुद्दा मान्य. मीही पार्टीला हेच सांगतो की जहाजाचं नाव बघू नका, कट-ऑफ (माल बंदरात पोचवायची शेवटची वेळ) आणि सेलिंगचा वार बघा.

तांडेल_उरण

आता जरा आमचं ऐका. माझं गाव उरण तालुक्यात. बंदरासाठी आमच्या लोकांच्या भातशेत्या गेल्या, मिठागरं गेली, काही गावं उठली. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं तत्त्व आलं. बंदर १९८९ ला चालू झालं. बंदरग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं पंतप्रधानांच्या हस्ते मिळायला ऑगस्ट २०१४ उजाडलं. जमीन देणारा बाप होता, कागद घेणारा नातू होता, अशी घरं मला माहीत आहेत.

मोठ्या जहाजाचा हिशेब रस्त्यावर कसा येतो तो मी रोज बघतो. लहान जहाज आलं की हजारभर बॉक्स उतरतात. मोठं आलं की एकदम तीन-चार हजार. ते सगळे दोन दिवसांत बाहेर निघायला बघतात. मग करळ फाट्यापासून गव्हाण फाट्यापर्यंत ट्रेलर, सर्व्हिस रोडवर ट्रेलर, द्रोणागिरीत सीएफएसच्या (कंटेनर गोदामांच्या) गेटबाहेर दुहेरी रांग. दोन दिवसांनी तोच रस्ता मोकळा. म्हणजे रस्ता, पार्किंग, माणसं सगळं त्या दोन दिवसांच्या मापाने बांधावं लागतं, आणि ते कुणी बांधत नाही. आमची पोरं त्याच ट्रेलरांच्या मधून बाईक काढत कामाला जातात. माझ्या सख्ख्या पुतण्याचा पाय त्यात गेला. ट्रेलर अंधारात, मागचा दिवा नसलेला, रस्त्याच्या कडेला उभा होता. ड्रायव्हरवर माझा राग नाही, तो बिचारा दीड दिवस त्याच रांगेत होता, झोपायला जागा नाही, संडासाची सोय नाही.

प्लॅनरभाऊ म्हणतात तो किनाऱ्यावरचा खर्च, तो हा.

करावे_ताई

तांडेलदादा, वाचून फार वाईट वाटलं. पुतण्या आता कसा आहे?

तांडेल_उरण

चालतो ताई. काठी लागते. एका गोदामात बसून करायचं काम लागलंय.

डहाणूची

मी ठाण्यात राहते, माहेर चिंचणीजवळ. इथे डहाणूजवळच्या वाढवण बंदराचा विषय निघणारच होता, म्हणून लिहिते.

जून २०२४ मध्ये केंद्राने वाढवण बंदराला मंजुरी दिली, ७६ हजार २२० कोटी. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. कारण काय दिलं? न्हावा शेव्याला १५ मीटर पाणी आहे, वाढवणला किनाऱ्याजवळ २० मीटर आहे, म्हणून १६ ते २५ हजार टीईयूची जहाजं लागू शकतील. प्रत्येकी हजार मीटर लांबीचे ९ कंटेनर टर्मिनल. म्हणजे या धाग्यात ज्या जहाजाचं वर्णन चाललंय, त्या जहाजाच्या मापाने आमचा किनारा कापायचा ठरलाय.

वाढवणला पाणी खोल आहे हे खरं, पण त्याच्या अलीकडे खडक आहेत, आणि त्या खडकांत मासे वाढतात. घोळ, दाढा, पापलेट, बोंबील. आमच्या बायका ओहोटीला खडपात कालवं काढतात. वरोर, धाकटी डहाणू, वाढवण, ही गावं मासळीवर आणि घरोघरी चालणाऱ्या डायमेकिंगवर (साचे बनवण्याच्या कामावर) जगतात. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने इथलं बंदर नाकारलं होतं. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने हो म्हटलं. समुद्र तोच, खडक तेच.

मी बंदराच्या विरोधात बोलले की लोक म्हणतात तुम्हाला प्रगती नको. मला प्रगती हवी आहे. उरणच्या दादांनी जे लिहिलं ते तीस वर्षांनी आमच्या गावातल्या कुणी लिहू नये एवढंच हवंय.

वाशीकर_सीएचए

ताई, तुमच्या भावना समजतात. पण न्हावा शेवा भरत चाललंय. सप्टेंबर २०२५ मध्ये भारत मुंबई टर्मिनलचा दुसरा टप्पा सुरू झाला, ४८ लाख टीईयू क्षमता एकट्या त्या टर्मिनलची. तीही काही वर्षांत भरेल. मग पुढे काय?

डहाणूची

पुढचं बंदर नको असं मी म्हटलं नाही. माझा प्रश्न आहे की ते २४ हजारी जहाजाच्याच मापाचं का हवं. वर चीफसाहेबांनी लिहिलंय की बचत निम्म्याहून जास्त इंजिनाची आहे. मग त्या आकारासाठी समुद्रात साडेचौदाशे हेक्टर भराव का घालायचा?

प्लॅनर_नेरुळ

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर माझं मत स्पष्ट सांगतो. वाढवण होणार असेल तर त्यातल्या प्रत्येक टर्मिनलच्या करारात जहाजाच्या मापासोबत रस्ता-रेल्वेचं माप लिहिलेलं हवं. एका जहाजाने किती बॉक्स उतरवले की किती रेल्वे रेक (मालगाड्या) तयार हव्यात, किती ट्रेलरना बंदराच्या हद्दीत उभं राहायला जागा हवी, ड्रायव्हरना विश्रांतीगृह हवं, हे सगळं जहाज लागायच्या आधी. न्हावा शेव्याला आपण धक्का आधी बांधला आणि ट्रेलर कुठे उभे राहणार हे नंतर शोधत बसलो. मच्छीमारांच्या भरपाईचा कागदही भूमिपूजनाच्या आधीच हातात पडायला हवा होता, निदान आता तरी तो त्यांच्याच हातात पडावा, नातवाच्या नाही.

घोडबंदर_रोड

+१. एक वेगळा प्रश्न. मुलांना मोठी जहाजं दाखवायची आहेत. कुठून नीट दिसतील?

तांडेल_उरण

घारापुरीची लाँच किंवा मोरा ते भाऊचा धक्का लाँच. दोन्हीतून धक्क्याला लागलेली जहाजं आणि क्रेन दिसतात. बंदराच्या आत सीआयएसएफचा पहारा आहे, तिकडे कॅमेरा घेऊन जाऊ नका. पावसाळ्यात लाँचचं वेळापत्रक आधी विचारून घ्या. उरण लोकलने न्हावा शेवा स्टेशनला उतरून काही दिसत नाही, पुष्कळ लोक फसतात.

करावे_ताई

मला एक विचारायचंय, जरा काळजीपोटी. आमच्या शेजारीच चाणक्य, जहाजावरच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण संस्था, आहे, पोरांचे पांढरे गणवेश रोज बघत माझा मुलगा मोठा झाला. आता तोही डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून लागणार आहे, बहुतेक मोठ्या कंटेनर जहाजावर. एवढ्या मोठ्या जहाजावर माणसं किती असतात? आणि ती जास्त सुरक्षित असतात की कमी?

इंजिनरूम

ताई, माणसं वीस-पंचवीस. जहाज दुप्पट झालं म्हणून माणसं दुप्पट होत नाहीत. खोल्या, जेवण, इंटरनेट हे लहान जहाजांपेक्षा बरंच चांगलं असतं. बंदरात मुक्काम मात्र तासांत मोजायचा, किनाऱ्यावर उतरायला मिळेलच असं नाही.

सुरक्षिततेबद्दल खरं सांगतो. जहाज बुडण्याची भीती कमी झाली आहे, पण शून्य नाही. १७ जून २०१३ ला, पहिली ट्रिपल-ई ताब्यात यायच्या दोनच आठवडे आधी, एमओएल कम्फर्ट नावाचं ८ हजारी जहाज अरबी समुद्रात मधोमध मोडलं. अवघं पाच वर्षांचं होतं. सगळे २६ जण वाचले. त्यानंतर लांब जहाजांच्या तळाची ताकद कशी मोजायची यावर जगभर पुन्हा काम झालं.

खरा धोका आगीचा. ६ मार्च २०१८ ला मर्स्क होनाम, १५ हजारी, एका वर्षाच्या आतलं जहाज, अरबी समुद्रातच पेटलं. २७ पैकी ५ जण गेले. आग होल्डमध्ये, बॉक्सच्या आत. तिथपर्यंत होज पोचत नाही. पंचवीस माणसांनी हजारो बॉक्समधली आग विझवायची, हे गणितच जुळत नाही. आकार वाढला तशी आग विझवायची साधनं वाढली नाहीत, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे.

प्लॅनर_नेरुळ

होनामनंतर मर्स्कने धोकादायक माल कुठे ठेवायचा याचे नियम बदलले. त्यातले घातक बॉक्स माणसांच्या राहत्या जागेपासून आणि इंजिनापासून दूर ठेवायला लागले. प्लॅनिंगमध्ये आम्हाला ते लगेच जाणवलं, काही बे सरळ बंद झाले. पण घोषणापत्रात माल खोटा लिहिला असेल तर कुठलाच प्लॅन कामाचा नाही. वाशीकरांसारख्या सीएचए मंडळींनी पार्टीला हे खडसावून सांगायला हवं.

वाशीकर_सीएचए

सांगतो. आणि ज्या पार्टीला पटत नाही तिचं काम सोडतो.

करावे_ताई

आणि ते बॉक्स पडतात म्हणतात, ते?

प्लॅनर_नेरुळ

पडतात. नोव्हेंबर २०२० मध्ये वन अपस या १४ हजारी जहाजावरून पॅसिफिकमध्ये अठराशेच्या वर बॉक्स एका वादळात गेले. रुंद जहाज समुद्राच्या ठरावीक लाटांत अचानक जोरात डोलायला लागतं आणि वरच्या थरांवर सगळा ताण येतो. बॉक्स धरून ठेवतात ते चार कोपऱ्यांचे ट्विस्टलॉक (फिरवून बसणारी कुलपं) आणि खालच्या थरांना तिरके लावलेले लॅशिंग रॉड. तो रॉड माणसाच्या दुपटीहून लांब, लोखंडी. लॅशिंगचा गडी तो दोन्ही हातांनी उभा तोलून वरच्या बॉक्सच्या कोपऱ्यातल्या भोकात अडकवतो, खाली टर्नबकलमध्ये (आवळायच्या पेचात) बसवतो आणि पान्याने आवळतो. पावसात, रात्रीच्या पाळीत, शेकडो वेळा. एक टर्नबकल ढिला राहिला तर त्याची परीक्षा पॅसिफिकमध्ये होते. मुलगा डेकवर असेल तर निघण्याआधी लॅशिंग तपासायचं काम त्याच्याकडेही येईल.

इंजिनरूम

त्याला एवढं सांगा ताई, की पहिल्या जहाजावर जाताच आग लागल्यावर आपण जमायची जागा, आपली लाइफबोट आणि इंजिनरूममधून बाहेर पडायचे दोन रस्ते स्वतः चालून बघायचे. नकाशावर बघून भागत नाही. आणि टर्नबकल तपासायला पाठवलं तर हात लावून बघायचं, नुसती टॉर्च मारून परत यायचं नाही. कॉन्ट्रॅक्टचे महिने, जहाजाचं वय आणि फेरीचा मार्ग लेखी मागून घ्या. कॅडेटला ते विचारायचा पूर्ण हक्क आहे.

करावे_ताई

हे सगळं लिहून घेतलं. आज संध्याकाळी त्याला बसवून वाचायला देते. चीफसाहेब, त्याचे अजून प्रश्न असतील तर इथेच विचारू का?

इंजिनरूम

जरूर. त्यालाच लिहू दे.